आधी फ्रेम, मग सुया

भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन बघायला जाताना सोबत दोन गोष्टी न्याव्यात: मोजायची टेप, आणि ज्या कापडावर उद्या धंदा करायचा आहे ते कापड. दुकानात तुम्हाला सुया मोजून दाखवतील, मिनिटाला किती टाके पडतात तो आकडा सांगतील, आधीच मशीनमध्ये भरून ठेवलेला मोर नाहीतर गुलाबाचा गुच्छ चालवून दाखवतील. ते सगळं बघावं, पण निर्णय त्यावर घेऊ नये. निर्णय घ्यायचा तो फ्रेमवर. तुमच्याकडे येणारं काम या मशीनच्या फ्रेममध्ये एका दमात बसतं का, आणि फ्रेमसकट मशीनवर चढतं का, या दोन प्रश्नांत पहिल्या मशीनची निम्मीअधिक निवड होऊन जाते.

फ्रेम म्हणजे कापड ताणून धरणारं दुहेरी कडं. हाताने भरतकाम करणारीच्या हातात असतं त्या रिंगचंच हे भावंड. फरक इतकाच की हातकामात सुई फिरते, इथे सुई जागेवर वरखाली होते आणि फिरते ती फ्रेम. त्यामुळे फ्रेम जिथवर सरकेल तिथवरच नक्षी. घरगुती मशीनच्या ४ बाय ४ इंची फ्रेममध्ये टाके पडणारी जागा १०० बाय १०० मिमी असते. नक्षी १०१ मिमीची झाली की मशीन ती चालवतच नाही. त्यापुढचं माप १३० बाय १८०, मग १६० बाय २६०. दहा सुयांच्या लहान व्यावसायिक मशीनवर साधारण २०० बाय ३६० पर्यंत जाता येतं, आणि स्टँडवर उभ्या राहणाऱ्या १२ किंवा १५ सुयांच्या सिंगल हेडवर, म्हणजे एका वेळी एकच नग करणाऱ्या मशीनवर, ३५० बाय ५०० मिमीच्या आसपास.

आता टेप काढा आणि ब्लाउजचा पाठीचा गळा मोजा. आपल्याकडे छोट्या धंद्याची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते. नऊ इंच खोल, सहा-सात इंच रुंद गळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दीड इंचाची वेल धरली, तर नक्षीची रुंदी १० इंच, म्हणजे २५० मिमी होते आणि उंची २७० च्या आसपास. १३० बाय १८० च्या फ्रेममध्ये हे तीन-चार तुकड्यांत करावं लागेल. २०० बाय ३६० मध्येही रुंदी बसत नाही, डावा आणि उजवा असे दोन भाग पाडावे लागतात. ३५० बाय ५०० मध्ये सबंध गळा एकदाच बसतो. तुकड्यांत काम होत नाही असं मुळीच नाही. नक्षी खऱ्या मापात कागदावर छापायची, मध्यरेषेच्या दोन टोकांना अधिकची खूण करायची, त्याच खुणा कापडावर खडूने उतरवायच्या आणि दुसरी फ्रेम लावताना सुई हाताने खाली आणून बरोबर खुणेवर टेकते का ते पाहायचं. पण जोड एक मिलिमीटरने जरी चुकला तरी गळ्याच्या मधोमध, सगळ्यांच्या नजरेच्या जागी, वेल तुटलेली दिसते. आठवड्याला एखादा ब्लाउज असेल तर ही मेहनत परवडते. लग्नसराईत रोज चार गळे येणार असतील तर लहान फ्रेमचं मशीन तुम्हाला दमवून टाकेल.

बाहीचा हिशोब वेगळा. दंडाचा घेर ११-१२ इंच आणि काठाची नक्षी दोन-तीन इंच रुंद, म्हणजे लांबट काम. ते २०० बाय ३६० मध्ये आरामात मावतं. म्हणून फ्रेमचं क्षेत्रफळ मोठं आहे एवढ्यावर समाधान मानू नये. लांबी आणि रुंदी दोन्ही आपल्या कामाशी ताडून पाहावी.

दुसरा प्रश्न मशीनवर चढण्याचा. घरगुती भरतकाम मशीनचं बूड सपाट असतं. न शिवलेलं कापड त्यावर छान पसरतं. पण शिवून तयार झालेला टी-शर्ट त्यावर ठेवायचा तर पाठीचा भाग सुईपासून दूर, चुण्या करून क्लिपांनी अडकवून ठेवावा लागतो. तो जरा सरकला की पुढचा आणि मागचा पदर एकत्र शिवला जातो, आणि तसा शिवलेला टी-शर्ट वाचत नाही. व्यावसायिक मशीनला पुढे आलेला एक निमुळता हात असतो, त्याला ट्युब्युलर आर्म म्हणतात. टी-शर्ट त्यात उशीचा अभ्रा घालावा तसा जातो, मागचा भाग खाली मोकळा लोंबतो. गणेश मंडळांचे टी-शर्ट, ढोल-ताशा पथकांचे कुर्ते, हॉटेलातल्या कामगारांचे ॲप्रन, शिवलेली पिशवी असलं काम करायचं असेल तर या हातासाठी जास्तीचे पैसे मोजावेत. गोल टोपीला तर सपाट मशीनवर जागाच नाही. तिला वेगळी कॅप फ्रेम आणि ती फिरवणारा भाग लागतो, नक्षीची उंची साधारण ५० ते ६० मिमीपर्यंतच जाते, आणि नक्षी खालून वर व मधून बाहेर अशा क्रमाने पंच केलेली, म्हणजे टाक्यांत मांडलेली, असावी लागते. नाहीतर टोपीचं कापड पुढे ढकललं जाऊन मधोमध सुरकुती पडते. गांधी टोपीवर नाव घालायचं असेल तर मात्र ती शिवण्याआधी कापडावरच घालावं, त्याला साधी फ्रेम पुरते.

एवढं झाल्यावर सुयांकडे यायचं. प्रत्येक सुईत एकेक रंग ओवून ठेवलेला असतो, पण एका वेळी चालते एकच सुई. सुया जास्त म्हणजे काम जास्त, असा समज पक्का आहे आणि तो अर्धाच खरा आहे. एक हिशोब करून पाहू. शाळेचा बॅज, पाच रंग, ९,००० टाके, शर्टाच्या खिशावर थेट. पंधरा सुयांचं मशीन १,००० किंवा १,२०० टाक्यांच्या वेगाचं म्हणून विकलं जातं, पण नीट काम हवं असेल तर ७०० ला चालवावं. त्या वेगाने टाक्यांना १३ मिनिटं लागतात, रंग बदलायला आणि धागे कापायला दीड-दोन मिनिटं. म्हणजे एका नगाला पंधरा मिनिटं, तासाला चार. आठ तास अखंड चाललं तर ३२, आणि २०० शर्टांना सहा दिवसांहून जास्त. आता एका सुईचं मशीन. वेग ६००, टाक्यांना पंधरा मिनिटं, आणि प्रत्येक रंगाला धागा बदलून ओवायला एक मिनिट धरलं तर वीस मिनिटं. तासाला तीन, दिवसाला २४, म्हणजे २०० शर्टांना आठ-नऊ दिवस. फरक आहे, पण सुया पंधरापट असल्या तरी काम पंधरापट होत नाही.

सुया वाचवतात तो माणूस. एका सुईवर २०० नगांसाठी १,००० वेळा धागा ओवायचा, तोही दर तीन मिनिटांनी, सगळं सोडून मशीनपाशी येऊन. जास्त सुयांचं मशीन लावून दिलं की ते पंधरा मिनिटं तुमची पुढची फ्रेम ताणण्यात, आधीच्या नगाचे धागे कापण्यात, गिऱ्हाइकाशी बोलण्यात जातात. म्हणून मशीनबरोबर प्रत्येक मापाच्या दोन फ्रेमी घ्यायच्याच. एक चालू असताना दुसरी तयार होते. वरच्या हिशोबात फ्रेम ताणायचा वेळ धरला नाही तो याच भरवशावर. एकच फ्रेम असेल तर प्रत्येक नगाला दोन-तीन मिनिटं वाढतात आणि २०० नगांना आणखी एक दिवस लागतो.

शिवाय एक युक्ती आहे, तिने एका सुईचं मशीनही नेटाने चालतं. बॅज थेट शर्टावर न घालता वेगळ्या कापडावर भरून मग शिवायचे किंवा इस्त्रीने चिकटवायचे. १६० बाय २६० च्या फ्रेममध्ये ७० मिमीचे सहा बॅज मावतात. नक्षी अशी लावायची की सहाही बॅजचा निळा रंग आधी, मग सहांचा पिवळा. धागा पाचदाच बदलायचा आणि हाती सहा बॅज. त्यामुळे ज्यांचं काम मुख्यतः बॅज, रुमाल, बाळंतविडा, अंतरपाट, न शिवलेलं ब्लाउज पीस असं सपाट कापडाचं आहे, त्यांनी चांगल्या मोठ्या फ्रेमचं एका सुईचं मशीन घेऊन सुरुवात करायला काहीच हरकत नाही. उलट कर्ज काढून पंधरा सुया घ्यायच्या आणि रोज दोन रंगांची नावं घालायची, यात मला शहाणपण दिसत नाही. बॅजच्या कामात आणखी एक जपायचं: शाळेच्या किंवा कंपनीच्या बोधचिन्हासाठी त्यांच्याकडून लेखी ऑर्डर घ्यावी. बाजारात चालणाऱ्या मोठ्या ब्रँडचं चिन्ह टी-शर्टावर घालून द्या, असं म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. ते काम घेऊ नये. तो ट्रेडमार्कचा भंग आहे आणि त्यात मशीनसकट माल जप्त होऊ शकतो.

मशीनइतकंच वजन पंचिंगला आहे. चित्राचं टाक्यांत रूपांतर करायचं काम ते पंचिंग. कुठला भाग आधी, टाका कोणत्या दिशेने, दोन ओळींत किती अंतर, खाली आधाराचे टाके कसे, हे सगळं त्यात ठरतं. ते सॉफ्टवेअर स्वतः शिकायचं की बाहेरून करून घ्यायचं हे मशीन घेण्याआधी ठरवावं, कारण मशीनमध्ये जे तयार नक्षीचं आणि अक्षरांचं भांडार मिळतं ते आपल्या धंद्याला जेमतेम पुरतं. त्यात इंग्रजी अक्षरांचे पाच-पन्नास प्रकार असतात, देवनागरी सहसा नसतं. आणि आपल्याकडे गिऱ्हाईक येतं ते शेल्यावर नवरा-नवरीची नावं, पथकाच्या कुर्त्यावर पथकाचं नाव, शाळेच्या खिशावर अमुक विद्यालय असं मागत.

देवनागरीचं पंचिंग हा स्वतंत्र विषय आहे. 'विद्यालय' हा एक शब्द घ्या. इंग्रजी अक्षर ५ मिमी उंचीला वाचता येतं, त्याच उंचीला 'द्या' मधला 'द्य' म्हणजे धाग्याची गाठ होऊन बसते. 'मंडळ' मधल्या 'ळ' च्या दोन पोकळ्या भरून जातात आणि तिथे आडवी उशी दिसते. अनुस्वाराचा ठिपका दीड मिलिमीटरहून लहान केला तर सुई एकाच भोकात पुन्हा पुन्हा जाते, धागा विसकटतो किंवा कापडालाच भोक पडतं. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याने मात्रा-उकार सोडून अक्षराचं अंग निदान ७-८ मिमी हवं. त्याहून लहान हवं असेल तर ६० नंबरचा बारीक धागा आणि ६५/९ ची सुई लावावी, म्हणजे ५ मिमीपर्यंत उतरता येतं. गिऱ्हाइकाला हे आधीच कागदावर खऱ्या मापात दाखवावं. खिशाच्या साडेतीन इंचात शाळेचं नाव, गाव, तालुका आणि स्थापना वर्ष बसवायचा आग्रह धरणाऱ्यांना नाही म्हणायला लागतं, आणि ते म्हणावं.

खरी गोम शिरोरेषेत आहे. सॉफ्टवेअरला फाँट देऊन आपोआप टाके करायला सांगितले की ते प्रत्येक अक्षर सुटं धरतं. प्रत्येकाची स्वतःची शिरोरेषा, आणि दोन अक्षरांच्या सांध्यावर एकीवर दुसरी. काना असेल तिथे तिसरा थर. सुई त्या टणक गाठीवर आपटते, धागा तुटतो, आणि मालक टेन्शनचा, म्हणजे धाग्याच्या ताणाचा, स्क्रू फिरवत बसतो. चांगला पंचिंगवाला आधी अक्षरांची अंगं डावीकडून उजवीकडे भरतो, त्यांची वरची टोकं शिरोरेषेच्या जागेत अर्धा मिलिमीटरच घुसवतो, आणि शेवटी सबंध शब्दावरून एक सलग रेष ओढतो. ती रेष निदान १ मिमी जाड असावी. शिवाय टाका ओढला गेला की कापड आकसतं. कागदावर १ मिमीचा काना कापडावर पाऊणच उतरतो. त्यासाठी रुंदी आधीच वाढवून ठेवतात: मागावर विणलेल्या कापडाला ०.२ ते ०.३, होजिअरीला ०.३ ते ०.४ मिमी.

काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते, जोडाक्षरं फुटतात, रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. अशा वेळी शब्द आधी इंकस्केपसारख्या चित्राच्या प्रोग्रॅममध्ये नीट लिहून त्याचा आकार करून घ्यावा आणि मग त्यावर टाके बसवावेत. इंकस्केपलाच जोडून चालणारं इंकस्टिच मोफत आहे. शिकायला वेळ लागतो, पण पीईएस, जेईएफ, डीएसटी अशा वेगवेगळ्या मशीनच्या सगळ्या फायली त्यातून निघतात. पहिल्याच महिन्यात महागडं सॉफ्टवेअर विकत घेण्यापेक्षा हे आधी चालवून बघावं असं माझं मत आहे. बाहेरून पंचिंग करून घेत असाल तर चोरट्या मार्गाने मिळणाऱ्या डोंगलची, म्हणजे सॉफ्टवेअर उघडणाऱ्या यूएसबी चावीची, भानगड आपोआप टळते, मात्र काम देताना तीन गोष्टी लिहून द्या: कापड कोणतं, माप मिलिमीटरमध्ये किती, आणि सर्वांत लहान अक्षर किती उंच. फाईल डीएसटीत येईल. ही मूळ ताजिमा या जपानी कंपनीच्या मशीनची फाईल, आता जवळपास सगळी व्यावसायिक मशीन ती वाचतात. तिच्यात टाके असतात, रंग नसतात. म्हणून सोबत रंगांचा क्रम लिहिलेला कागद मागावा. डीएसटी दहा टक्क्यांहून जास्त लहानमोठी करू नये. टाक्यांची संख्या तीच राहते, त्यामुळे लहान केली की दाटी होते आणि मोठी केली की खालचं कापड दिसतं. पंचिंगवाल्याकडून त्याच्या सॉफ्टवेअरची मूळ फाईलही मागून ठेवा. पुढच्या वर्षी तीच शाळा टोपीसाठी तेच चिन्ह मागेल.

आता कापडाबद्दल, कारण मशीन चांगलं आणि पंचिंग चांगलं असूनही काम बिघडतं ते बहुधा कापडाखालच्या कागदामुळे. बाजारात त्याला नुसतं पेपर किंवा बॅकिंग म्हणतात. कॉटन, टेरिकॉट, डेनिम यांसारख्या न ताणणाऱ्या कापडाला फाडून काढायचा पेपर चालतो. होजिअरी आणि मॅटीच्या टी-शर्टाला कडेने कापून काढायचाच हवा, त्याचा नक्षीमागचा भाग कायम राहतो. पैसे वाचवायला तिथे फाडायचा पेपर लावला की पहिल्या धुण्यापर्यंत सगळं छान दिसतं. धुतल्यावर टी-शर्ट ताणतो, नक्षी ताणत नाही, आणि तिच्याभोवती चुण्या उठतात. टॉवेल असेल तर खाली पेपर आणि वर पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा, दोन्ही लागतात. सोलापुरी टॉवेलचे फासे अक्षरांमधून वर येतात आणि नाव गवतात हरवल्यासारखं होतं, ते हा पापुद्रा दाबून धरतो.

रेशमाचा स्वभाव वेगळा. पैठणीच्या ब्लाउज पीसवर सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, म्हणजे उसवून पुन्हा करणं नाही. फ्रेमचा वळही उमटतो. तो टाळायचा तर फ्रेममध्ये फक्त पेपर ताणायचा आणि त्यावर कापड हलक्या चिकट स्प्रेने बसवून कडेने लांब टाक्यांनी अडकवायचं. स्प्रे मशीनपासून दूर, एखाद्या खोक्यात मारावा. हवेतला चिकटा शटलवर, म्हणजे बॉबिनभोवती फिरून खालचा धागा अडकवणाऱ्या भागावर, बसला की पंधरा दिवसांत टाके सुटायला लागतात. जरीच्या धाग्याला मोठ्या नेढ्याची ८०/१२ किंवा ९०/१४ ची सुई लावावी, वेग ५०० वर आणावा, वरचं टेन्शन सैल करावं. बाकी रोजच्या कामाला ७५/११ ची सुई. होजिअरीसाठी तीच गोल टोकाची घ्यावी म्हणजे ती विणीचे फासे तोडत नाही, बाजूला सारते. साधारण आठ तास चालली की सुई बदलावी. पाच-दहा रुपयांची सुई वाचवून पाचशेचा शर्ट घालवण्यात अर्थ नाही.

धाग्यात रेयॉन आणि पॉलिस्टर असे दोन मार्ग. रेयॉनची झळाळी ब्लाउजला शोभते, पण ओलं झालं की त्याचं बळ कमी होतं आणि ब्लीच त्याला सोसत नाही. गणवेश, टॉवेल, हॉटेलचे ॲप्रन यांना पॉलिस्टरच. सुरुवातीला सत्तर रंगांचा खोका घ्यायचा मोह होतो. त्याऐवजी काळा, पांढरा, लाल, भगवा, दोन निळे, पिवळा, हिरवा, सोनेरी, मरून यांचे ५,००० मीटरचे कोन घ्यावेत आणि बाकीचे रंग ऑर्डरप्रमाणे आणावेत. दर हजार टाक्यांना वरचा धागा साधारण पाच-सहा मीटर जातो, म्हणजे ९,००० टाक्यांच्या बॅजला पन्नास मीटर. यावरून कोन किती नगांना पुरेल ते काढता येतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात धागा व पेपर झाकणाच्या डब्यात ठेवावे, सुया तर नक्कीच. गंजाचा सूक्ष्म ओरखडादेखील धागा कापत राहतो.

जागेचं थोडक्यात. स्टँडवरचं सिंगल हेड जड असतं, शंभर किलोच्या आसपास किंवा पुढे. दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची रुंदी मोजून जा. वरच्या मजल्यावर असाल तर पायांखाली जाड रबर घाला, धडधड खालच्यांच्या छतात उतरते. घरगुती मशीनलाही हलणारं लाकडी टेबल चालत नाही. टेबल हललं की नक्षी आणि तिची बाह्यरेषा जुळत नाहीत, आणि लोक दोष पंचिंगला देतात. अर्थिंग तपासून घ्या. व्होल्टेज वरखाली होतं त्या गावात 'ऑनलाइन' प्रकारचा यूपीएस घ्याच. लाइट गेली तरी मशीन आपली जागा लक्षात ठेवतं हे खरं, पण झटक्याने फ्रेम केसभर सरकली तर रेष तुटलेली कळते. घरातला स्वस्त, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर याला जोडू नये.

दुकानातल्या चाचणीकडे परत येतो. स्वतःची फाईल पेन ड्राइव्हवर न्या. ड्राइव्ह लहान क्षमतेचा असू द्या आणि फाईलचं नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत, कारण बऱ्याच मशीनना मोठी किंवा देवनागरी नावं वाचता येत नाहीत. त्या फाईलमध्ये असावं: ५० मिमीचा चौकोन, तीनदा एकावर एक ओढलेला; भरीव गोल आणि त्याला बाह्यरेषा; ८ मिमीचा 'विद्यालय'. तुमच्याच मॅटी कापडावर ७०० च्या वेगाने चालवायला सांगा. चौकोनाच्या तिन्ही रेषा एकीवर एक पडल्या पाहिजेत. गोल लंबगोल होऊन बाह्यरेषेबाहेर डोकावत असेल तर कापडाचा ताण किंवा पंचिंग चुकलेलं असू शकतं, पण चौकोनाच्या रेषा सुट्या दिसल्या तर दोष मशीनच्या चालीत आहे. तो घरी नेऊन सुधारत नाही.

जुनं मशीन घेताना हीच चाचणी प्रत्येक सुईवर करा. एकूण किती टाके झाले ते पॅनलवर दिसतं, ते पाहा, पण त्याहून जास्त विश्वास बोटावर ठेवा. बॉबिन काढून शटलच्या टोकावरून नख फिरवा, ओरखडा लागला की नख अडकतं. सुईची दांडी धरून हलवा, ती डावी-उजवीकडे डुगडुगता कामा नये. दहा वेळा धागा कापायला लावा. शेपटी प्रत्येक वेळी सारखी राहिली पाहिजे, आणि कापल्यावर पुन्हा सुरू होताना सुईतून धागा निसटता कामा नये. चिनी मशीनवर बहुतेकदा दाहाओ या चिनी कंपनीचं कंट्रोल असतं. ते इतकं पसरलंय की त्याची दुरुस्ती जाणणारे कारागीर सुरतेतच नाही, तर आपल्या बऱ्याच गावांत सापडतात. जपानी मशीनची चाल जास्त वर्षं टिकते, सुटे भाग महाग पडतात. यातलं काय घ्यावं याला माझं उत्तर एकच: तुमच्या गावापासून एका दिवसात येऊ शकणारा मिस्त्री ज्या मशीनचा आहे ते. दुकानदाराला विचारायचं ते वॉरंटी किती वर्षांची याच्याही आधी, शटल, धागा कापायची सुरी आणि मुख्य बोर्ड आज त्याच्या कपाटात आहे का. असेल तर दाखवायला सांगा.

पैशांचं एकच सांगतो, कारण तिथे क्रम चुकला की नुकसान मोठं. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या रोजगार योजनेत अनुदान सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि गावात २५ टक्के, महिला व इतर विशेष गटांना शहरात २५ आणि गावात ३५ टक्के असतं. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही २०१९ पासून आहे. अर्ज आधी, बँकेची मंजुरी मग, आणि मशीन त्यानंतर. घाईने आगाऊ खरेदी केलेल्या मशीनवर हे अनुदान मिळत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आणि कर्जाची रक्कम ठरवताना मशीनच्या किमतीशेजारी फ्रेमी, धागे, पेपर, यूपीएस, पंचिंग आणि पहिल्या तीन महिन्यांत बिघडणारे कपडे हेही मांडा. गिऱ्हाइकाचा शर्ट बिघडला तर तो भरून द्यावा लागतो.

मशीन घरी आलं की मिस्त्रीला चहा पाजून लगेच जाऊ देऊ नये. सगळ्या सुया ओवून घ्या आणि प्रत्येक सुईने पांढऱ्या कॉटनवर ६ मिमी रुंदीची, दोन इंच लांबीची एकेक भरीव पट्टी काढायला लावा. कापड उलटं करा. प्रत्येक पट्टीच्या मधोमध, रुंदीचा एक तृतीयांश भाग बॉबिनच्या पांढऱ्या धाग्याचा आणि दोन्ही बाजूंना वरचा रंग, असं दिसलं पाहिजे. पांढरा अजिबात दिसत नसेल तर वरचं टेन्शन सैल आहे किंवा बॉबिनचं घट्ट. पांढराच पांढरा असेल तर उलट. जी पट्टी वेगळी दिसते ती सुई तिथल्या तिथे जुळवून घ्या. मग बॉबिन केस धाग्याला लटकवून हात किंचित झटकायचा. केस दोन-तीन इंच घसरून थांबली की ठीक, जमिनीपर्यंत गेली की सैल. ते घसरणं स्वतःच्या हाताने चार वेळा करून बघा म्हणजे बोटांच्या लक्षात राहतं. शटलला तेलाचा एक थेंब कुठे सोडायचा तेही विचारून घ्या. रोज काम सुरू करण्याआधी एक, आणि दिवसभर चालणार असेल तर चार-पाच तासांनी आणखी एक. तेल सोडल्यावरचा पहिला नग नेहमी चिंधीवर.

आणि तो पंधरा पट्ट्यांचा तुकडा टाकून देऊ नका. त्यावर पेनाने तारीख, धाग्याची जात आणि वेग लिहून मशीनच्या खणात ठेवा, उलटी बाजू वर करून. सहा महिन्यांनी अकरा नंबरची सुई धागा तोडायला लागेल तेव्हा नवी सुई लावून, तिचं तोंड बरोबर समोर आहे ना ते पाहून, पुन्हा तशीच एक पट्टी काढायची आणि या तुकड्याशेजारी ठेवायची.